साडेतीन किलोमीटर

हिल्क्का म्हणाली, "अठराशे युरो आहेत.
त्यात बसेल अशी गाडी बघ.
लांब कुठे जायचं नाही आता मला."
लांब नाही म्हणजे किती?
तिने बोटांवर मोजलं:
घर ते दुकान एक,
तिथून औषधालय अर्धा,
पुढे नदीपलीकडचं सेवाघर, दोन.
रोज तेवढंच.

चाळीस वर्षं मी या कायानी गावात इंजिनं उघडली.
लोकांना वाटतं, कमी चालवली की गाडी टिकते.
उलट आहे.
तापायच्या आत बंद करायचं,
पुन्हा सुरू, पुन्हा बंद,
त्याने पाणी आतच राहतं,
तेलाच्या झाकणाखाली पिवळट साय धरते,
बॅटरी भरते त्याहून जास्त रिती होते.
लांबच्या रस्त्याने गाडी दमते,
जवळच्याने कुढते.

हिल्क्काने ऐकून घेतलं.
"मग रविवारी तिला फिरवून आणीन," म्हणाली,
"विमानतळाच्या रस्त्याने."

पहिली गाडी येरे नावाच्या पोराची.
डिझेल, लांबलचक, धुऊनपुसून बोहल्यावर उभी केलेली.
मी मान हलवली.
धूर गाळायची तिची चाळणी
तापल्याशिवाय मोकळी होत नाही,
साडेतीन किलोमीटरात गुदमरून मरेल बिचारी.

दुसरी लाल, इवलीशी, नऊशेला.
हिल्क्काला रंग आवडला.
मी बर्फात पाठीवर झोपलो,
दाराखालच्या पट्टीला स्क्रूड्रायव्हर टेकवला,
तो ओल्या पुठ्ठ्यात जावा तसा आत गेला.
रस्त्यावरचं मीठ सोळा हिवाळे खात होतं तिला.
वरून कीर्तन, आतून तमाशा.

तिसरी टोयोटा. करडी,
पत्र्याच्या डब्याइतकीच देखणी.
दोन लाख चौदा हजार किलोमीटर.
मालकीण आयरी मोइलानेन, निवृत्त शिक्षिका,
तिने निळी फाईल पुढे केली:
प्रत्येक तेलबदलाचं बिल,
कडेला पेन्सिलीने तारीख, वर एक बरोबरची खूण.
झाकणाखाली साय नाही.
खिळ्यांचे टायर वेगळे, पोत्यात.
इंजिन गरम ठेवायची वायर लावून पाहिली,
हात ठेवला, थांबलो, ऊब आली.

बॉनेट लावून वर बघतो तर
हिल्क्का स्टिअरिंगपाशी नाहीच.
उजवीकडचं दार उघडून
शेजारच्या सीटवर आडवी बसलेली, पाय बाहेर.
हात न टेकता उठली.
बसली. पुन्हा उठली.
मग वाकून जमिनीपासून सीटपर्यंत विती मोजल्या,
दोन आणि चार बोटं.

मला आठवलं,
येरेच्या अंगणातही उजवं दार वाजलं होतं,
लाल गाडीखाली झोपलो असताना
तिचे बूट उजवीकडेच दिसले होते.
माझं डोकं सगळा वेळ इंजिनात.

"इथून रेइनो उठेल," ती म्हणाली.
"शनिवारी त्याला सौनाला घरी आणायचंय.
सेवाघरात आहे सौना,
पण ती लोकांची, म्हणतो तो."

आयरीबाई साडेएकोणीसशेला अडून होत्या.
मी डाव्या दाराच्या पोच्यावरून बोट फिरवलं,
काही बोललो नाही.
साडेसतराशे.
उरल्या पन्नासात बॅटरी येत नाही;
ती मी बसवली, उधार म्हणून,
आणि ही उधारी वसूल होऊ नये अशी व्यवस्थाही केली:
आकडा सांगितलाच नाही.

आता जानेवारी. उणे सत्तावीस.
ती निघायच्या दोन तास आधी
अंगणातल्या खांबावर तांबडा दिवा लागतो,
तेव्हा मला कळतं, वायर लावली.

मागच्या रविवारी गाडी पुलाकडून आली
आणि घराशी न वळता सरळ गेली.
वीस मिनिटं. चाळीस.
माझी कॉफी निवली.
पाऊण तासाने दिवे दिसले,
उजव्या सीटवर कानटोपी,
काच कोणीतरी बोटभर उघडी ठेवलेली
या असल्या थंडीत.

झाकण उघडून बघायला मी गेलो नाही.
साय नसणार.